बडबड्या

बटण दाबलं की पंखा फिरायचा, पत्र्याचा डबा घरघरायचा, आतली डिस्क घसा खाकरल्यासारखी दोनदा खरखरायची, आणि त्यापुढे काहीच नाही. ताईने बटण दाबून धरलं, डबा बंद केला, थोडी थांबली आणि पुन्हा दाबलं. पंखा, घरघर, खाकरणं आणि परत शांतता.

"बघ," मागून धाकटा म्हणाला. "नाहीच होत."

"बघ काय बघ? कुणाला सांगतोस?"

धाकट्याने जीभ चावली असणार. जन्मापासून आंधळ्या बहिणीबरोबर वाढूनही त्याची ही सवय गेली नव्हती, आणि त्यावरून त्याला टोचायची ताईची सवयही गेली नव्हती. तो पलंगाच्या कडेवर बसला होता. पलंग ज्या सुरात करकरला त्यावरून ताईने ओळखलं, की गडी कोपर गुडघ्यांवर टेकून पुढे वाकलाय, म्हणजे आता समजुतीच्या गोष्टी सुरू होणार. आत येताना त्याने दाराशी एक रिकामी सूटकेस ठेवली होती. अगदी अलगद ठेवली होती बिचाऱ्याने. पण रिकाम्या सूटकेसचा आवाज वेगळाच असतो, आणि ताईच्या कानांपुढे असली चोरी कधी पचली नव्हती.

आता ती सूटकेस इथवर आली त्याला कारण ताईचीच जीभ. आई गेल्यापासून ताई या दोन खोल्यांत एकटी राहत होती आणि धाकटा दर आठवड्याला येऊन तोच विषय काढत होता. आमच्याकडे चल. खिडकीजवळची खोली रिकामी आहे, तुझ्या भावजयीने पडदेही धुऊन लावलेत, इथे दुसऱ्या मजल्यावर एकटी कशाला राहतेस, उद्या गॅस उघडा राहिला तर, परवा ताप आला तर. ताई ऐकून घ्यायची, चहा द्यायची आणि नाही म्हणायची. मग एका दुपारी कॉम्प्युटरच्या डब्यातून जळका वास आला आणि यंत्र बसलं ते बसलंच. धाकटा म्हणाला, बरं झालं, देवानेच सुचवलं, आता तरी ऊठ. देवाचं नाव काढल्यावर ताईचं टाळकं सटकलं. ती म्हणाली, हा कॉम्प्युटर मी दुरुस्त करून घेणार. नाही झाला, तर एक शब्द न बोलता तुझ्याकडे राहायला येईन, आण तुझी सूटकेस.

ताई रागात बोलायची पण बोललेलं मोडायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर सूटकेस आली होती.

या कॉम्प्युटरवर ताईचं पोट होतं. इस्पितळातले डॉक्टर रोग्यांना तपासून झाल्यावर आपला अहवाल यंत्रात बोलून ठेवायचे, ती बोलणी ताईकडे यायची आणि ताई ती ऐकून टाइप करायची. गावातल्या निम्म्या माणसांचे गुडघे, मणके आणि मूतखडे तिच्या कानांखालून गेले होते. एक डॉक्टर तोंडात काहीतरी चघळत बोलायचा, एक प्रत्येक वाक्यानंतर जांभई द्यायची, एकाला आकडे सांगताना खोकला यायचा. ताई सगळ्यांना सांभाळून घ्यायची आणि त्यांच्या चुका गुपचूप दुरुस्तही करायची. ती जे टाइप करेल ते कॉम्प्युटर तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. जुना, खरखरीत, एका पट्टीतला पुरुषी आवाज, आणि तोही इतक्या वेगाने, की बाहेरच्या माणसाला वाटावं कुणीतरी भांडतंय. ताईने त्याचं नाव बडबड्या ठेवलं होतं. भाची एकदा म्हणाली होती, आत्या, आता किती गोड आवाज मिळतात, बदलून देते. ताईने सांगितलं, गोड बोलणाऱ्यांशी माझं जमत नाही, हाच बरा आहे. त्याच भाचीला तिने कॉलेजला जाताना कॉम्प्युटरचा स्क्रीन देऊन टाकला होता. आई म्हणाली होती, अगं, राहू दे. पण ताईला तो टेबलावरचा ठोकळा वाटायचा. कोपर आपटायचा त्याच्यावर, आणि वर धूळ पुसा. तेव्हापासून तिचा कॉम्प्युटर बिनस्क्रीनचाच चालत आला होता, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

यंत्र बसलं तेव्हा ताईने नेहमीच्या मेकॅनिकला बोलावलं. चाळिशीचा माणूस, हात चांगला, पण काहीही विचारा, तोंडात एकच उत्तर. मदरबोर्ड जळलाय का? जळलाय, पण होऊन जाईल. जुन्या डिस्कवर माझं सगळं काम आहे, ते राहील का? होऊन जाईल. म्हणून ताई त्याला त्याच्या तोंडावरच होऊन-जाईल म्हणायची आणि तो हसायचा. त्याने डबा नेला, आतले सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो मदरबोर्ड नवा बसवला, दुकानात चालवून पाहिला आणि घरी आणून जोडला. बटण दाबलं आणि बडबड्याने तोंडच उघडलं नाही.

मेकॅनिक गोंधळला. दुकानात तर उत्तम बोलत होता. त्याने डबा परत नेला, तिथे सुरू केला आणि फोनवर ताईला बडबड्याचा आवाजही ऐकवला. परत घरी आणला, परत मुका. मग त्याने घरातल्या विजेला दोष दिला, स्वतःची वायर लावून पाहिली, प्लग बदलला. काही नाही. शेवटी तो म्हणाला, "मावशी, माझ्याकडे चालतो. तुमच्याकडे चालत नाही. आता मी काय बोलू?"

बोलला नाही, पण जे बोलायचं होतं ते ताईला ऐकू आलं. यंत्रात दोष नाही, विजेत दोष नाही, मग उरलं कोण?

त्या रात्री ताईला नीट झोप लागली नव्हती. आपणच काहीतरी चुकीचं दाबतोय का? पुसायच्या नादात एखादी वायर ओढली गेली का? आई असताना असं कधी झालं नव्हतं. की व्हायचं, आणि आई न सांगता सारखं करून ठेवायची? हा विचार आला आणि तिला स्वतःचीच चीड आली. सकाळी तिने डब्यामागचा प्रत्येक प्लग बोटांनी चाचपला, काढून पुन्हा घातला. सगळं जागच्या जागी होतं. मग राग कुठेतरी काढायला हवा, तर तिने मेकॅनिकला फोन लावला आणि वाटेल ते बोलली. माझे चांगले भाग काढून भंगार घातलंस, आंधळीला काय कळतंय असं वाटलं तुला, एवढ्यापर्यंत गेली. पलीकडून होऊन-जाईलचा एरवीचा शब्द आला नाही. तो फक्त म्हणाला, तुम्ही दुकानात या, स्वतः ऐका. आणि फोन ठेवला.

आज सुट्टीचा दिवस होता. धाकटा गाडी घेऊन आला होता आणि मघापासून पलंगावर बसून होता.

"ताई, झालं ना आता," तो म्हणाला. आवाज मऊ होता आणि त्याचाच ताईला जास्त त्रास झाला. "तू काही हरलीस असं नाही. वय होतं माणसाचं. हात चुकतो."

"माझा हात चुकला हे तुला कुणी सांगितलं?"

"मग कोण चुकलं?"

"तेच शोधायला जायचंय," ताई म्हणाली आणि उठली. "डबा उचल. दुकानात जाऊ."

धाकटा म्हणाला, दुकानात चालतोच तो, जाऊन काय मिळणार? ताई म्हणाली, तिथे चालतो आणि इथे नाही, तर तिथे काहीतरी असं आहे जे इथे नाही, मला तेच ऐकायचंय. धाकट्याने कपाळाला हात लावला असावा, कारण एक सुस्कारा खालच्या दिशेने गेला. पण त्याने डबा उचलला. ताईने आपला कीबोर्ड आणि स्पीकर पिशवीत घातला, काठी घेतली आणि त्याच्याआधी जिना उतरली. गाडीत डबा तिने मांडीवरच घेतला. मागे ठेव म्हटलं तर ऐकेना.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची पत्र्याची खोली होती. आत शिरताच वितळलेल्या शिशाचा वास आला आणि रेडिओवर कुणीतरी बातम्या वाचत होतं. दोन-तीन कॉम्प्युटर कुठेतरी घरघरत होते. मेकॅनिकने बसा म्हटलं, स्टूल पुढे सरकवलं, पण मावशी म्हटलं नाही. फोनवरचं बोलणं लागलं होतं त्याला. ताईला ते कळलं आणि तिने ते तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं. आधी यंत्र, मग माणसं.

मेकॅनिकने डबा टेबलावर घेतला, आपल्या वायरी जोडल्या, आपला स्क्रीन जोडला. ताईने पिशवीतून स्वतःचा कीबोर्ड आणि स्पीकर काढून दिला आणि हेच लाव म्हणाली. त्याने मुकाट्याने लावलं. बटण दाबलं. पंखा फिरला, डबा घरघरला, डिस्क खाकरली, आणि थोड्याच वेळात बडबड्याने आपल्या खरखरीत आवाजात स्वागत असो म्हणून सांगितलं.

"झालं?" मेकॅनिक म्हणाला.

धाकट्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. फार समजूतदारपणे ठेवला. ताईला ब्रह्मांड आठवलं. तोच डबा, तोच कीबोर्ड, तोच स्पीकर. म्हणजे खरंच दोष घरात होता, आणि घरात तिच्याशिवाय होतं कोण? एक क्षण तिला वाटलं, सोडून द्यावं. खिडकीजवळची खोली, धुतलेले पडदे, वेळेवर चहा. लोक जातातच की.

मग तिला वाटलं, जातात तर जाऊ देत. मी अजून नीट ऐकलेलं नाही.

"रेडिओ बंद कर," ती म्हणाली. "ते बाकीचे डबेही बंद कर. आणि परत लाव."

मेकॅनिक म्हणाला, बाकीच्या मशिनींवर गिऱ्हाइकांचं काम चालू आहे. ताई म्हणाली, गिऱ्हाईक मीही आहे. तो पुटपुटत उठला, रेडिओ बंद झाला, एकेक घरघर थांबली. रस्त्यावरची वर्दळ तेवढी राहिली. ताई टेबलाच्या कडेला दोन्ही हात ठेवून वाकली. धाकट्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ताईने नुसता तळवा वर केला. लहानपणी याच तळव्याने तिने त्याला कितीदा गप्प केलं होतं. तो आजही गप्प झाला.

मेकॅनिकने बटण दाबलं. पंखा, घरघर, खाकरणं. आणि त्याच्या मागोमाग एक बारीकसा आवाज. टक. मग डिस्क जोरात फिरू लागली आणि बडबड्या बोलला.

"आत्ता काय दाबलंस?" ताईने विचारलं.

"काय? बटण दाबलं. चालू करायचं."

"त्याच्यानंतर."

"त्याच्यानंतर काही नाही."

"काही नाही कसं? कीबोर्डवर काहीतरी दाबलंस. वरच्या रांगेतलं, डाव्या कोपऱ्याकडचं. माझा कीबोर्ड आहे तो, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बडवते मी त्याला."

मेकॅनिक खरंच चक्रावला. त्याचा आवाज खोटं बोलणाऱ्या माणसाचा नव्हता. तो म्हणाला, मी कीबोर्डला हातच लावला नाही. ताई म्हणाली, परत लाव. परत टक झालं आणि परत तो म्हणाला, मी कुठे काय दाबलं? धाकट्याला आता मजा वाटू लागली होती. तो उठून टेबलाशी आला आणि म्हणाला, मी बघतो याच्या हाताकडे.

"नको," ताई म्हणाली. "हात मागे बांधायला सांग त्याला. बटण मी दाबते."

मेकॅनिकने पाठीमागे हात बांधले. शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटतंय, असं तो म्हणाला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला. ताईने चाचपून डब्यावरचं बटण शोधलं आणि दाबलं. पंखा फिरला, डबा घरघरला, डिस्क दोनदा खाकरली आणि गप्प बसली. घरी बसायची तशी. बडबड्या काही बोलेना.

"स्क्रीनवर काय आहे?" ताईने विचारलं.

मेकॅनिकने पुढे वाकून वाचलं. इंग्रजीत लिहिलं होतं. तो आधी मनातल्या मनात वाचत गेला आणि मग त्याच्या तोंडून एक लांबलचक "अरेच्चा" निघाला. मदरबोर्डची तक्रार होती. मुख्य पंखा आपल्याला सापडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि तरीही पुढे जायचं असेल तर वरच्या रांगेतलं एफ-वन बटण दाबा, अशी सूचना होती. बटण दाबेपर्यंत यंत्र तिथेच थांबणार.

"पण पंखा तर फिरतोय," धाकटा म्हणाला.

मेकॅनिकने डबा आडवा केला, पत्रा काढला आणि आत बोट घातलं. पंखा फिरत होता, पण त्याची वायर त्याने मुख्य जागेऐवजी शेजारच्या, दुसऱ्या पंख्यासाठी ठेवलेल्या जागी खोचली होती. दोन्ही जागा सारख्याच दिसतात, वीज दोन्हीकडे मिळते. फक्त मदरबोर्ड आपल्या मुख्य जागेवर शोधायचा, तिथे त्याला काही सापडायचं नाही, आणि तो दर वेळी परवानगी मागत उभा राहायचा.

आणि मेकॅनिक दर वेळी परवानगी देत होता. त्याच्या दुकानात येणारी निम्मी यंत्रं म्हातारी. कुणाची घड्याळाची बॅटरी गेलेली, कुणाचा कीबोर्ड नाही, प्रत्येक जण उठता उठता काहीतरी कुरकुरतो आणि एफ-वन दाबा म्हणतो. वर्षानुवर्षं दाबून दाबून ती पाटी स्क्रीनवर दिसायचा अवकाश, त्याचा हात आपोआप जायचा. तो वाचतही नव्हता आणि आपण दाबतो हे त्याला माहीतही नव्हतं. ताईच्या घरी स्क्रीनच नव्हता, म्हणून पाटी दिसत नव्हती आणि हातही जात नव्हता. यंत्र बापडं सगळा वेळ जागं होतं. हो म्हणा, मी पुढे जातो, असं विचारत उभं होतं, आणि ताईला मात्र ते कळायला काही मार्ग नव्हता.

मेकॅनिकने वायर काढून बरोबर जागी लावली. ताईने बटण दाबलं. या वेळी टक झालं नाही, कुणी कशाला हात लावला नाही, आणि बडबड्या आपला आपण बोलला. ताई मोठ्याने हसली. एकदा नाही, तिने तीनदा बंद करून तीनदा सुरू करायला लावलं आणि तिन्ही वेळा हसली.

मग ती मेकॅनिककडे वळली. माफी मागणं तिच्या जिवावर आलं होतं, ते तिच्या उभं राहण्यावरूनही कळत असेल. पण मागितली. म्हणाली, "फोनवर मी नको ते बोलले. तू चोर नाहीस. वेंधळा आहेस."

"ते चालेल, मावशी," मेकॅनिक म्हणाला.

घरी आल्यावर धाकट्याने डबा टेबलाखाली ठेवला, ताईने स्वतः सगळे प्लग जोडले आणि बटण दाबलं. बडबड्या बोलला. ताईने खुर्ची ओढली, साचलेल्या कामातला पहिला अहवाल लावला आणि जांभया देणाऱ्या डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी खांद्याबद्दल सांगू लागल्या. ताईला इतकं बरं वाटलं, की तिने त्यांची प्रत्येक जांभई प्रेमाने ऐकली. मागे धाकट्याने सूटकेस उचलली, खाली गाडीत नेऊन ठेवली आणि परत वर आला. शब्द पाळण्यात तोही तिचाच भाऊ होता. पण वर आला आणि पलंगावर बसला, तेव्हा पलंग परत त्याच सुरात करकरला.

"बोल," ताई टाइप करता करता म्हणाली. "मनात ठेवू नकोस. पित्त होतं तुला."

"तू जिंकलीस, मान्य," धाकटा म्हणाला. "पण ताई, एकच सांग. घरात एक स्क्रीन असता आणि तो बघणारं एक माणूस असतं, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं की नाही?"

ताईचे हात थांबले. प्रश्न खोटा नव्हता, म्हणूनच तो झोंबला. तिने खुर्ची वळवली.

"दुकानात स्क्रीन होता," ती म्हणाली. "बघणारं माणूसही होतं. रोज त्याच्या डोळ्यांपुढे ती पाटी येत होती. वाचली का त्याने? आज तूही तिथेच होतास. माझ्याकडे बघत बसलास, मी कधी हार मानते म्हणून. त्या पाटीकडे बघितलंस का? मला नाही दिसत, पण दिसत नाही हे मला माहीत असतं. म्हणून मी दहा वेळा विचारते. तुम्हाला सगळं दिसतं, म्हणून तुम्ही विचारत नाही. मला इथेच राहायचंय. चुकले तर चुकेन. गॅस उघडा राहिला तर माझ्या नाकाला कळेल. ताप आला तर तुला फोन करीन, आणि तू ये. पण मला उचलून न्यायला येऊ नकोस. मी सामान नाही."

धाकट्याने पलंगावरची चादर ओढून सरळ केली. मग म्हणाला, "आईला शब्द दिला होता मी."

"मला माहितेय. मी शेजारच्याच खोलीत होते. तिने सांभाळ म्हटलं होतं. उचलून ने म्हटलं नव्हतं."

तो उठून गेला नाही. ताईने दोघांसाठी चहा केला, त्याने तो प्यायला, आणि ती परत कामाला लागली. खांदा संपला, एक मणका झाला, एक मूतखडा झाला. खालच्या रस्त्यावर मुलांचा खेळ थांबला, दुकानांची शटरं एकेक करून खाली येऊ लागली, तेव्हा ताईच्या ध्यानात आलं की संध्याकाळ उलटून गेली असणार. आणि आपला भाऊ तसाच बसलाय.

"अगं बाई, तुला दिवा लावायचा राहिला," ती म्हणाली. उठून दाराजवळ गेली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. "लागला?"

"लागला," धाकटा म्हणाला.

तो निघायला म्हणून उठला आणि दोन पावलांवर त्याची नडगी स्टुलावर धाडकन आपटली. स्टूल आडवं झालं. त्याने तोंडातल्या तोंडात आई गं म्हटलं आणि एकदम गप्प झाला.

ताई बटणापाशीच उभी होती. तिने बटण बंद केलं, परत चालू केलं.

"लागलेला नाही," ती म्हणाली.

धाकटा नडगी चोळत राहिला.

"बल्ब गेलाय. कधीपासून?"

"आई गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी," तो म्हणाला.

ताईने हिशोब केला नाही, करायची गरजच नव्हती. आई गेल्यापासून तो दर आठवड्याला येत होता, कामावरून सुटल्यावर, संध्याकाळी. तिने बटण दाबलं की लागला म्हणायचा, चहा प्यायचा, बसायचा, भांडायचा, आणि अंधारात परत जायचा. गॅसवरून बोलला होता, जिन्यावरून बोलला होता, तापावरून बोलला होता. तिला हलवण्यासाठी जेवढं म्हणून बोलता येईल तेवढं सगळं बोलून झालं होतं त्याचं. पण तुझ्या घरातला दिवा विझलाय आणि तुला ते माहीत नाही, हे एक वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं. त्या वाक्यापुढे तिचं काही चाललं नसतं, हे त्यालाही कळत होतं. तिने बटण पुन्हा बंद केलं.

"नवीन लावून टाकायचास की गुपचूप," ती म्हणाली.

"तुझ्या घरात गुपचूप? स्टूल ओढलं असतं की लगेच विचारलं असतंस, काय करतोयस म्हणून."

"सांगायचं होतंस मग."

"काय सांगू? तुझं घर आहे. तुला लागत नाही दिवा." तो थोडा थांबला. "मला सवय झाली होती."

ताईने स्टूल चाचपून उभं केलं आणि भिंतीशी सरकवलं. मग म्हणाली, पुढच्या वेळी येताना बल्ब आण आणि तूच चढून लाव, माझा हात पोहोचत नाही. आणि एक नाही, जास्तीचेही आण, म्हणजे गेला की बदलता येईल, तू सांगायचं मात्र. तो हो म्हणाला. त्याने खिशातून मोबाइल काढल्याचं तिने ऐकलं. जिन्यातलाही दिवा कुणीतरी केव्हाचा फोडला होता आणि तो दर वेळी मोबाइलच्या उजेडात उतरायचा, हेही आता बोलण्यात निघालं.

"ठेव तो खिशात," ताई म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या. "चल, मी येते खालपर्यंत. धर."

तिने कोपर पुढे केला. तो घोटाळला. लहानपणापासून रस्त्यात त्यानेच तिला आपला कोपर दिला होता, आणि आता हात कुठे ठेवायचा हे त्याला कळेना. मग त्याने धरला. जिन्यात काळोख असणार, कारण त्याची पकड घट्ट होती. ताई एकेक पायरी सावकाश उतरत होती आणि सांगत होती. कठडा धरू नकोस, हलतो. आता वळण आहे. इथली पायरी खचलीय, पाय आत टाक. आली का? आली, तो म्हणायचा. मधल्या मजल्यावर कुणाच्या तरी घरातून भांड्यांचा आवाज येत होता. तो तिच्या मागे अर्धं पाऊल, मुकाट्याने चालत राहिला, आणि खाली रस्ता लागला तरी लगेच त्याने कोपर सोडला नाही.